डब्यात कोणतं तेल, यापेक्षा ते कशाच्या जागी आलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, आता पुण्यात, मासे खाणारं. घरात पाच माणसं, वर्षानुवर्षं शेंगदाण्याचं तेल, पाच लिटरचा डबा पंचवीस दिवसांत संपतो. मेव्हण्यांचा आग्रह करडईच्या तेलाचा, शेजाऱ्यांचा लाकडी घाण्याच्या खोबरेलाचा. बहीण ओमेगा-३च्या कॅप्सूल घेऊन आली आहे आणि आई वरणभातावरचं तूप सोडू देत नाही. गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २०८, एलडीएल (धमनीत साठणारं कोलेस्टेरॉल) १२६, एचडीएल (चांगलं मानलं जाणारं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. आणि विचारणा अशी, की नेमकं कोणतं मेदाम्ल हृदयाला चांगलं आणि कोणतं वाईट.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तेलांच्या नावांत नाही, त्या डब्यात आहे. पाच लिटर, पाच माणसं, पंचवीस दिवस. म्हणजे माणशी रोज ४० मिली, वजनात साधारण ३६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम सांगितले होते, तेही तेल, तूप, लोणी सगळं धरून. तुमच्या ३६ मध्ये तूप धरलेलं नाही, फरसाण नाही, बाहेरचा वडापाव तर नाहीच. रुग्णाबरोबर बायको किंवा सून आली असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो: महिन्याला तेल किती आणता? रुग्णाला विचारून उपयोग नसतो. "आमच्याकडे तेल कमीच असतं हो डॉक्टर," असं तो म्हणत असतो आणि मागे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खरं उत्तर दिसतं.

आता मेदाम्लांकडे येऊ. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. साखळीवरच्या सगळ्या जागा हायड्रोजननं भरलेल्या असल्या की ते संतृप्त. अशी साखळी सरळ राहते, एकीला एक लागून नीट रचली जाते, म्हणून तूप थिजतं आणि पारा २४ अंशांच्या खाली गेला की खोबरेल बाटलीत गोठतं. साखळीत एका ठिकाणी दुहेरी बंध आला की ती कोपरासारखी वाकते, रचना बसत नाही आणि तेल पातळ राहतं. एक कोपर असलेलं ते एकबंधी असंतृप्त. ओलेइक आम्ल हे त्यातलं मुख्य, ऑलिव्हमध्ये आणि आपल्या शेंगदाण्यात भरपूर. दोन किंवा जास्त कोपरं असली की बहुबंधी. त्यात पहिला कोपर शेपटापासून सहाव्या कार्बनवर असेल तर ओमेगा-६, तिसऱ्यावर असेल तर ओमेगा-३. ओमेगा या शब्दाभोवती जेवढं वलय आहे, तेवढं त्यात गूढ काही नाही. ट्रान्स म्हणजे दुहेरी बंध आहे, पण साखळी वाकलेली नाही, सरळच राहिली आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

कोणतंही तेल एकाच मेदाम्लाचं नसतं, हेही लक्षात असू द्या. तुपातही पावहिस्सा ओलेइक असतं आणि शेंगदाणा तेलातही संतृप्त असतंच. त्यामुळे "अमुक तेलात ओमेगा आहे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक तेलाबद्दल खरं ठरतं, आणि म्हणूनच जाहिरातवाल्यांना ते आवडतं. "कोलेस्टेरॉल फ्री"चंही तेच. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, मग ते नाही म्हणून कौतुक कसलं?

संतृप्त मेदाम्लांचा धमनीशी संबंध यकृतातून येतो. यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते रक्तातलं एलडीएल पकडून आत घेतात. हे शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. मी रुग्णांना याची घंटागाडी करून सांगतो. गाडी रोज दोनदा आली तर गल्ली स्वच्छ, दोन दिवसांआड आली तर कचरा कोपऱ्यात साठतो. संतृप्त मेदाम्लं घंटागाडीच्या फेऱ्या कमी करतात, बहुबंधी मेदाम्लं वाढवतात. तुमच्या वडिलांना दिलेली स्टॅटिनची गोळी याच फेऱ्या वाढवते, फक्त कितीतरी जोरात. फेऱ्या कमी झाल्या की एलडीएलचे कण रक्तात जास्त वेळ फिरतात, धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात, तिथे त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि वर्षानुवर्षं एक मऊ गाठ बनत राहते. ती गाठ फुटून तिच्यावर रक्ताची गुठळी बसते, त्याला आपण अटॅक म्हणतो. स्टेंटनं एक जागा उघडली. बाकीच्या धमन्यांत हीच प्रक्रिया चालू असते, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

संतृप्तांतही सगळी सारखी नाहीत. लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक एलडीएल वाढवतात. स्टिअरिक फारसं वाढवत नाही, कारण त्यातल्या काही भागाचं यकृत ओलेइक करून टाकतं.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण इतका मोठा आणि इतका साधा प्रयोग क्वचितच होतो. मॉरिशसमध्ये, जिथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, सरकारी रेशनचं स्वस्त तेल मिळायचं. ते बहुतांशी पाम तेल होतं. पाम तेलात निम्मं संतृप्त, त्यातलं बहुतेक सगळं पामिटिक. १९८७ च्या सुमारास सरकारनं रेशनच्या तेलात पामऐवजी सोयाबीन आणलं. १९९२ मध्ये पुन्हा तपासण्या झाल्या, तेव्हा लोकसंख्येचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल लिटरमागे ५.५ मिलिमोलवरून ४.७ वर आलेलं होतं. आपल्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे २१३ वरून १८२. सगळं श्रेय तेलाचं नाही, तंबाखू आणि व्यायामाबद्दलही त्याच काळात मोहीम चालू होती. पण ज्यांनी आहारतज्ज्ञाचं तोंडही पाहिलं नाही अशा घरांतही कोलेस्टेरॉल उतरलं. कुणाला तेल सोडायला सांगितलं नव्हतं. एका तेलाच्या जागी दुसरं आलं, इतकंच.

माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे. मेदाम्ल चांगलं की वाईट हे ते कशाच्या जागी आलं यावर ठरतं. संतृप्त काढून बहुबंधी आणलं तर हृदयविकार कमी होतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ साली जुन्या चांगल्या चाचण्या एकत्र करून ही घट ३० टक्क्यांच्या आसपास सांगितली. पण संतृप्त काढून त्या जागी साखर आणि मैदा आणला तर हाती काही लागत नाही. एलडीएल थोडं उतरतं, ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल पडतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असं म्हणायला हवं, पण खरं तर रुग्णांकडून शिकलो. नव्वदच्या दशकात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मीही सगळ्यांसारखं "तेल बंद" असं लिहून द्यायचो, चिठ्ठीवर खाली दोन रेघा मारून. एक निवृत्त शिक्षक होते, शब्दाला पक्के. त्यांनी खरंच तेल बंद केलं. शेंगदाणे बंद, तीळ बंद, फोडणी पाण्याची. तीन महिन्यांनी आले ते खूश होऊन, आणि ट्रायग्लिसराइड १८० वरून ३१०. मी चिडलो, त्यांनी शांतपणे आहाराची वही काढली. सकाळी चहाबरोबर सहा मारी बिस्किटं, अकराला मोसंबीचा रस, दुपारी भात दुप्पट कारण भाजी घशाखाली उतरत नव्हती, चारला चुरमुरे, रात्री पुन्हा भात. सगळं "बिनतेलाचं". यकृताला जास्तीची साखर मिळाली की ते तिचं मेदाम्ल बनवतं, आणि कोणतं बनवतं? पामिटिक. म्हणजे मी पाम तेल पुढच्या दारानं बंद केलं होतं आणि ते मागच्या दारानं आलं होतं. त्यानंतर "तेल बंद" हे शब्द मी लिहिलेले नाहीत.

आता खोबरेल. त्यात जवळपास ९० टक्के संतृप्त, त्यातलं निम्मं लॉरिक. "लॉरिक हे मध्यम साखळीचं, ते थेट यकृतात जाऊन जळतं" असा युक्तिवाद तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकला असेल. तो खऱ्या अर्थानं लागू होतो आठ आणि दहा कार्बनच्या मेदाम्लांना, जी खोबरेलात थोडीच असतात. लॉरिकचे कार्बन बारा, आणि शरीरात त्याचं वागणं बरंचसं लांब साखळीसारखंच. २०२० मध्ये चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात इतर वनस्पतीजन्य तेलांच्या तुलनेत खोबरेलानं एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमनं वाढलं, एचडीएल चारनं. दुसरी बाजूही सांगतो. केरळमध्ये २०० हृदयरुग्णांना दोन वर्षं खोबरेल किंवा सूर्यफूल दिलं, सगळे नेहमीच्या औषधांवर होते आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे गोळी चालू असताना खोबरेल विष ठरत नाही. पण ज्या घरात शेंगदाणा तेल चालू आहे, तिथे ते काढून खोबरेल आणायला काहीही कारण नाही. मॉरिशसची गाडी उलटी चालवण्यासारखं आहे ते. माशाच्या कालवणातलं ओल्या नारळाचं वाटण मात्र मी यात धरत नाही. त्यात पाणी आहे, चोथा आहे, आणि तो काही रोजचा फोडणीचा पदार्थ नव्हे. त्यावर गदा आणू नका.

लाकडी घाण्याबद्दल दोन वाक्यं. घाण्यातून काढलं म्हणून मेदाम्लं बदलत नाहीत; घाण्याच्या शेंगदाणा तेलाची आणि रिफाइंड शेंगदाणा तेलाची घडण जवळजवळ तीच. वास, चव, थोडं ई जीवनसत्त्व घाण्याच्या तेलात जास्त राहतं, परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त "हे शुद्ध आहे" म्हणून हात सैल सोडू नका. गेल्या पाच-सात वर्षांत घाण्याचं तेल आणल्यावर महिन्याचा खप दीडपट झालेली घरं मी मोजली तर बोटं पुरायची नाहीत.

मेव्हण्यांच्या करडईची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. करडई आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडचं रब्बीचं पीक. जुन्या वाणांच्या तेलात तीन चतुर्थांश लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. ते एलडीएल उतरवतं यात वाद नाही, त्यामुळेच एका पिढीनं "हृदयासाठी करडई" हे ऐकलं. पण ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ मध्ये एक चाचणी झाली होती. नुकताच हृदयाचा त्रास झालेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला संतृप्त कमी करून करडईचं तेल आणि करडईचंच मार्गारिन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं. मृत्यू मात्र त्या गटात जास्त झाले: १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८. जुनी आकडेवारी शोधून काढून तिचं पूर्ण विश्लेषण २०१३ मध्ये छापलं गेलं आणि मोठा गदारोळ झाला.

यावरून "ओमेगा-६ विष आहे, सगळी बियांची तेलं फेका" असं म्हणणारे व्हिडिओ तुम्हालाही आले असतील. माझं मत वेगळं आहे. चाचणी छोटी होती, त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स असण्याची शक्यता होती, आणि त्या आहारात ओमेगा-६ भरमसाट वाढवलं तसं ओमेगा-३ वाढवलं नव्हतं. ज्या चाचण्यांत सोयाबीनसारखं, म्हणजे दोन्ही असलेलं तेल वापरलं, तिथे चित्र चांगलं आहे. लिनोलेइकनं अंगात दाह वाढतो हेही माणसांवरच्या चाचण्यांत दिसत नाही. शरीर त्याचं पुढचं रूपांतर हात आखडून करतं. तेव्हा करडई वाईट नाही. पण एकट्या करडईवर, एकट्या सूर्यफुलावर अख्खं घर वर्षानुवर्षं चालवणं मला पटत नाही. शेंगदाणा तेल चालू ठेवा, त्यात साधारण अर्धं ओलेइक, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास लिनोलेइक, पाचव्या हिश्शाच्या आसपास संतृप्त. त्यात ओमेगा-३ जवळजवळ नसतं, एवढीच त्याची उणीव. म्हणून एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन किंवा मोहरी असं आलटून पालटून केलंत तर उत्तम. मोहरीचा वास आईंना चालणार नाही असं गृहीत धरतो, मग सोयाबीन. बाजारात मिश्र तेलंही मिळतात, पुडीच्या पाठीमागे दोन्ही तेलांचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. पुढची बाजू वाचू नका.

तुपाचं आईंशी भांडण करू नका, हिशेब करा. वडिलांनी दिवसाला खावं असं संतृप्त मी १५ ग्रॅमच्या आसपास धरतो. पाच ग्रॅमचा एक छोटा चमचा तूप म्हणजे तीन ग्रॅम संतृप्त. आता तुम्ही न विचारलेली गोष्ट: घरात दूध कोणतं? पुण्यात बहुतेक घरी म्हशीचं. त्याचा एक पेला, २०० मिली, त्यात १३ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि त्यातलं आठेक ग्रॅम संतृप्त. रात्री पेलाभर दूध आणि दिवसाचे तीन चहा झाले की वरणभातावरचं तूप या हिशेबात लिंबूटिंबू ठरतं. दूध गायीचं किंवा साय पूर्ण काढलेलं करा, दह्या-ताकाला हरकत नाही, आणि दुपारच्या भातावर एक चमचा तूप आईंच्या हातून राहू द्या. चमचा मात्र चहाचा, आमटीचा नव्हे. पुरणपोळी वर्षातून तीनदा होते, तिच्यावर मी काही बोलणार नाही.

ट्रान्सबद्दल मला हिशेब करावा लागत नाही. त्याला आहारात जागाच नाही. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करताना ही मेदाम्लं तयार होतात, आपल्याकडे वनस्पती तुपाच्या रूपानं ती १९३० च्या दशकापासून घरोघरी आली. माझ्या आईचा पिवळा डबा मला आठवतो. रिकामा झाला की त्यात तुळस. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिलं की ट्रान्स एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल पाडतं. संतृप्तही एवढं करत नाही. डेन्मार्कनं २००३ मध्ये मर्यादा घातली, आपल्याकडे तेला-तुपातलं ट्रान्स २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलं. चांगली गोष्ट झाली. पण इथेही तोच प्रश्न: त्या जागी काय आलं? खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटं यांना घट्ट चरबी लागतेच, आणि ती जागा बऱ्याच ठिकाणी पाम तेलाच्या घट्ट भागानं घेतली. ट्रान्स गेलं, पामिटिक आलं. पाकिटावर "पामोलीन" किंवा "पाम" हा शब्द शोधा. फरसाणाच्या पाकिटावर तो हमखास सापडतो. शिवाय कोपऱ्यावरच्या कढईत तेच तेल दिवसभर उकळत असतं. तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा नियम आहे, पण गाड्यावर ते मोजणार कोण? घरी तळण झालं तर उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजी-फोडणीत संपवा, पुन्हा तळणाला नको. काळपट झालं, फेस धरू लागलं, चिकट वाटलं, की टाकून द्या.

आता बहिणीच्या कॅप्सूल. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांवर डॅनिश संशोधक बँग आणि डायरबर्ग यांनी सत्तरच्या दशकात काम केलं, तेव्हापासून माशाच्या तेलाची ही कथा सुरू आहे. माशातलं ओमेगा-३ म्हणजे ईपीए आणि डीएचए. ती ट्रायग्लिसराइड उतरवतात, रक्ताच्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, थोड्या कमी चिकट करतात. इटलीत १९९९ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांवरच्या चाचणीत रोज एक ग्रॅम दिल्यानं मृत्यू कमी झाले, आणि जगभर कॅप्सूल सुटल्या. पण तेव्हा आजच्यासारखी स्टॅटिन सगळ्यांना मिळत नव्हती. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, एक अमेरिकेत २५,८७१ निरोगी माणसांवर, दुसरी ब्रिटनमध्ये १५,४८० मधुमेहींवर. एक ग्रॅमच्या कॅप्सूलचा मुख्य फायदा दोन्हींत दिसला नाही. त्याच वर्षी तिसरी आली: शुद्ध ईपीए, रोज चार ग्रॅम, ट्रायग्लिसराइड जास्त असलेले ८,१७९ रुग्ण, हृदयाच्या घटना चतुर्थांशानं कमी. आनंद दोन वर्षं टिकला. २०२० मध्ये ईपीए आणि डीएचए मिळून चार ग्रॅम देणारी चाचणी फायदा नाही म्हणून मध्येच थांबवली. शुद्ध ईपीएच्या चाचणीत तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं, त्यानंच त्यांचं नुकसान होऊन औषध चांगलं दिसलं का, यावर अजून वाद आहे. वर या मोठ्या डोसांनी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं प्रमाण वाढतं, यावर मात्र वाद नाही.

बहिणीनं आणलेली बाटली उलटी करून पाहा. पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल. मागे बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे कॅप्सूलभर माशाचं तेल, पण कामाचं ओमेगा-३ फक्त ३००. चार ग्रॅम गाठायला रोज तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील. बाटली परत करता आली तर करा आणि त्या पैशात बांगडा आणा. तुम्ही कोकणातले, तुम्हाला बांगडा आणि तारली मी काय सांगावी! आठवड्यातून दोनदा. पापलेट-सुरमईचा मान मोठा असला तरी या बाबतीत स्वस्त, तेलकट, काळसर मांसाचे मासेच श्रीमंत. फक्त रवा लावून तव्यावर तेलात पोहणारा बांगडा नको. तिरफळ घालून केलेलं तिखलं किंवा कालवण हवं, नाहीतर डबा पंचवीस दिवसांतच संपेल.

संकष्टी-गुरुवारच्या दिवसांसाठी जवस आहे. जवसात अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३, भरपूर, एक मोठा चमचा पूड म्हणजे दीड ग्रॅमच्या वर. त्याचं ईपीए शरीरात थोडंच होतं, डीएचए त्याहून कमी, म्हणून जवस माशाची जागा पूर्ण घेत नाही. पण शेंगदाणा तेलातली उणीव भरून काढायला ते पुरेसं आहे. मंद भाजायचं, कुटून चटणी करायची, आठवड्याची एकदा. अख्खं खाल्लं तर जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि महिनाभराची पूड करून ठेवली तर तिला खवट वास येतो.

शेवटी रिपोर्ट. एलडीएल १२६ आहे, अँजिओप्लास्टीनंतर ते ७० च्या खाली हवं, खरं तर ५५ च्या खाली. म्हणजे निम्म्याहून जास्त उतरवायचं आहे. मी वर सांगितलेलं सगळं मनापासून केलंत तर १०-१५ टक्के उतरेल. बाकीचं काम स्टॅटिनचं, लागली तर जोडीला एझेटिमाइब ही एलडीएल उतरवणारी दुसरी गोळी. "तेल बदललं, आता गोळी बंद करून बघू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, अगदी मेव्हणे असले तरी. एलडीएल ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की अटॅक-पक्षाघातासारख्या घटना पाचव्या हिश्शानं कमी होतात, हे मोठमोठ्या चाचण्यांमधून पक्कं झालेलं आहे.

मला जास्त खटकतंय ते ट्रायग्लिसराइड २४० आणि एचडीएल ३४. ही आपल्याकडची नेहमीची जोडी आहे. दक्षिण आशियाई माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, आणि रिपोर्टमध्ये ही जोडी वारंवार दिसते. तिचा संबंध तेलाच्या नावाशी कमी, भात-साखर-मैद्याशी, पोटाच्या घेराशी आणि दारूशी जास्त. वडील घेत असतील तर ते पत्रात नाही, तुमच्या डॉक्टरांना मात्र सांगा. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि थायरॉइड तपासून घ्या; लपलेला मधुमेह बऱ्याचदा याच दारातून सापडतो. एकदा आमच्या लॅबच्या मुलानं मला मुद्दाम बोलावून एक नळी दाखवली होती. वरचं सीरम गवती पिवळं असायला हवं, ते दुधासारखं पांढरं होतं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्याच्यावर सायीचा थर आला होता. ट्रायग्लिसराइड अकराशेच्या वर. त्या माणसाच्या घरी तेल महिन्याला दोनच लिटर यायचं. तो रोज दीड लिटर थंड पेय प्यायचा.

डबा आता निदान चाळीस दिवस पुरवा. फोडताना झाकणावर तारीख लिहा, म्हणजे वाद होत नाहीत. गोळ्या सुरू होऊन दोन महिने झालेच आहेत, तेव्हा लिपिड प्रोफाइल आताच एकदा करा आणि आहार बदलून तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये, दहा-बारा तास उपाशी पोटी. आदल्या दिवशी घरात लग्न किंवा बारसं असेल तर तपासणी आठवडाभर पुढे ढकला.